भाड्याचं घर, आपलं सामान आणि गिऱ्हाइकांच्या साड्या

पत्र: ताई, आम्ही कुर्ला पश्चिमेला तळमजल्यावर भाड्यानं राहतो. वन रूम किचन. मिस्टर कुरिअरमध्ये आहेत, मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री घरात गुडघाभर पाणी शिरलं. फ्रीज गेला, दोन गाद्या फेकाव्या लागल्या, प्लायवूडचं कपाट खालून फुगलं. तेव्हापासून सामानाचा विमा काढायचं मनात आहे. ओळखीच्या एजंटनं वर्षाला ६,८०० रुपये सांगितले. एवढे आम्हाला जमणारे नाहीत. घरमालक म्हणतात, सोसायटीचा विमा आहे, तुम्हाला वेगळा कशाला? मिस्टर म्हणतात, भाडेकरूला विमा देतंय कोण? सासूबाईंना तिसरीच काळजी, त्यांच्या माहेरच्या पितळी हंडा-कळशीची. स्वस्तातला, पण वेळेला खरंच पैसे देणारा विमा कसा शोधायचा? – एक वाचक, कुर्ला

उत्तर: आधी मिस्टरांचं शंकानिरसन करते, कारण बरीच मंडळी तिथेच अडतात. भाडेकरूला सामानाचा विमा मिळतो. भिंती मालकाच्या, पण फ्रीज तुमचा. तो बुडाला तर खिशाला चाट तुमच्या, म्हणून विमा काढायचा हक्कही तुमचा. घरमालक अर्धंच खरं बोलताहेत. सोसायटीनं विमा काढला असेल तर तो इमारतीचा. भिंती, जिना, पाण्याची टाकी, लिफ्ट असं त्यात येईल. तुमच्या गाद्यांची त्यात कुठेही नोंद नाही. आणि पाणी शिरल्यावर सोसायटीला पैसे मिळालेच, तरी ते प्लास्टर आणि मीटरच्या खोलीवर जातील, तुमच्या दारात कुणी आणून देणार नाही.

आता ते ६,८००. आकडा वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की यात काय काय कोंबलंय? एजंटला फोन करून एवढंच म्हणा, 'दादा, कशाचे किती ते वेगवेगळं लिहून पाठवा.' बहुतेक वेळा अशा मोठ्या आकड्यात घरफोडी, दागिने, टीव्ही-फ्रीज बिघडल्यास दुरुस्ती आणि अपघात विमा सगळं एका मोटेत बांधलेलं असतं. कधीकधी तर भाडेकरूच्या गळ्यात मालकाच्या भिंतींचाही विमा मारलेला असतो! तुम्हाला भीती पाण्याची आहे, त्याखालोखाल आगीची. तेवढ्याचाच विमा काढला तर खर्च फार कमी होतो.

यासाठी एक नाव पाठ करा: भारत गृह रक्षा. विमा नियामक आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून ही साचेबंद पॉलिसी आणली आणि आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती ठेवणं बंधनकारक केलं. सरकारी कंपनी असो की खासगी, मूळ पॉलिसीचा मजकूर सगळीकडे तोच. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हीच मोठी सोय आहे. एरवी दोन पॉलिसींची तुलना करायची म्हणजे बारीक अक्षरांची चाळीस पानं वाचायची. इथे मजकूर तोच, म्हणून नुसते दर विचारले तरी चालतं. तीन कंपन्यांकडे एकच रक्कम सांगून दर मागवा आणि ताडून बघा. ही पॉलिसी इमारतीची, सामानाची किंवा दोन्हींची घेता येते. तुम्ही सांगायचं, 'फक्त घरातल्या सामानाची, एका वर्षासाठी.' दहा वर्षांपर्यंतची एकदम मिळते आणि त्यात सूटही दाखवतील, पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यानं त्या सुटीच्या मोहात पडू नये. पॉलिसी ज्या पत्त्यावर आहे त्याच पत्त्यावरचं सामान धरलं जातं. घर बदललंत तर कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्यायचा, टेम्पो सांगायच्या आधी.

आग, स्फोट, वीज पडणं, वादळ, पूर, पाणी तुंबणं, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मुळातच आहे. पुरासाठी वेगळे पैसे मोजायचे नाहीत. तीन लाखांच्या सामानाचा असा विमा वर्षाला काहीशे रुपयांत बसतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, घराच्या विम्यावरचा नाही, तेव्हा कुणी 'आता टॅक्स माफ झालाय' म्हणालं तर पावती बघा.

तीन लाख हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. तुमच्यासारख्या घरात फ्रीज पंचवीस हजार, टीव्ही वीस, वॉशिंग मशीन अठरा, पलंग-कपाट-गाद्या साठ, कपडे आणि अंथरूण-पांघरूण पन्नास, भांडीकुंडी, मिक्सर, शेगडी, पंखे मिळून चाळीस. दोन लाखांच्या वर गेलोच, अजून माळ्यावरचं मोजलेलं नाही. किंमत धरायची ती आज तशीच वस्तू दुकानातून आणायला पडेल ती, दहा वर्षांपूर्वीच्या बिलावरची नव्हे.

या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा आम्ही कलिन्यात तळमजल्यावर राहत होतो. पाणी कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत आलं. आमचा सामानाचा विमा होता, चाळीत बहुधा आमचाच एकट्याचा, आणि त्याचा मला जरा तोराही होता. पण प्रीमियम वाचवायला मी सामान निम्म्या किमतीचं दाखवलेलं. घरात दोन लाखांचं, कागदावर एक लाखाचं. नुकसान मोजायला सर्व्हेअर आला तो पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. फ्रीजचा मॉडेल नंबर विचारला, तर दारामागचा स्टिकर चिखलाबरोबर गेलेला. बिलं कुठायत म्हणाला, तर बिलं त्याच कपाटाच्या तळाला, त्यांचा लगदा झालेला. नुकसान साठ हजारांचं धरलं. मग हिशेब असा की सामानाचा विमा निम्म्याचा, तर नुकसानीचेही निम्मेच द्यायचे. तीस हजार. त्यातून जुनेपणाचे पैसे कापले आणि हातात आले एकवीस हजार. कंपनीनं नियमाबाहेर काही केलं नाही, पण तो नियम मला पॉलिसी घेताना कुणी सांगितला नव्हता.

भारत गृह रक्षात हा निम्म्याचा हिशेब काढून टाकलाय. रक्कम कमी दाखवली म्हणून प्रत्येक क्लेममधून त्या प्रमाणात कापत नाहीत, पॉलिसीच्या रकमेपर्यंत नुकसानीचे पैसे देतात. तरीही कमी दाखवू नका. एक लाखाच्या पॉलिसीतून दीड लाख कधीच निघणार नाहीत, आणि इथे एक लाख वाढवल्यानं प्रीमियमला जो फरक पडतो त्यात महिन्याचं दूधही येत नाही.

आता यात काय नाही ते. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. ती हवी तर वेगळे पैसे देऊन जोडायची, आणि खर्च वाढतो तो तिथे. जोडणार असाल तर घर किती दिवस बंद राहिलं तर चालतं हे विचारूनच जोडा. सलग तीस दिवसांच्या वर घर बंद असेल आणि कंपनीला कळवलेलं नसेल तर चोरीचा क्लेम अडकू शकतो. मे महिन्यात मुलांना घेऊन गावी जाणाऱ्या मुंबईकरांना ही अट नेमकी नडते. रोख पैसे, नाणी, कागदपत्रं, गाडी हे घरसामानात मोडत नाही. वायर शॉर्ट होऊन फक्त मिक्सरच जळला तर त्या मिक्सरचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग लागून बाकीचं घर जळलं तर त्या बाकीच्याचे मिळतात. आणि वरच्या मजल्यावरून महिनोन् महिने होणारं गळतीचं पाणी, भिंतीची ओल, बुरशी, हेही नाही. पाइप धाडकन फुटला तर विमा, पाझरत राहिला तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज. तो वेगळाच छळ आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

दागिन्यांचं दोन ओळींत. ते वेगळे नोंदवावे लागतात, आपोआप धरले जात नाहीत. रोजच्या वापरातलं मंगळसूत्र सोडून बाकी थोडंफार असेल आणि घरात कुणाच्या नावानं बँकेचा लॉकर असेल तर तिकडे ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. पूर-भूकंपाला ही जबाबदारी लागू नाही, हे लक्षात असू द्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, पण मी तिथेच थांबले. 'घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते.' म्हणजे शिलाई मशीन, पिकोचं मशीन, कदाचित ओव्हरलॉक. आणि गणपतीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर गिऱ्हाइकांच्या तीस-चाळीस साड्या घरात. खरी जोखीम इथे आहे हो. गादी भिजली तर तुम्ही दोन महिने चटईवर झोपाल. पण कुणाची पैठणी चिखलात भिजली तर? ती तुमची नाही, म्हणून तुमच्या घरसामानाच्या पॉलिसीत येत नाही. आणि धंद्याची मशीनं घरसामान म्हणून दाखवलीत तर क्लेमच्या वेळी वाद व्हायला जागा राहते.

यावर दोन वाटा. पहिली अशी की कंपनीला लेखी विचारा, ईमेलवर: 'मी याच खोलीत शिवणकाम करते, माझी मशीनं घरसामानात धराल का? नाही तर कशात?' फोनवरचं 'हो हो, होऊन जाईल' चालणार नाही. दुसरी वाट धंद्यासाठी वेगळी छोटी पॉलिसी. भारत गृह रक्षाबरोबरच त्याच दिवशी आलेली भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची साचेबंद पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या धंद्यांसाठी. तुमचा धंदा लाखा-दोन लाखांचा, पण वर्ग तोच. त्यात मशीनं आणि माल धरता येतो. घेताना एक गोष्ट नक्की लिहून घ्या की माझ्या ताब्यात असलेला गिऱ्हाइकांचा मालही यात धरला आहे. ते शब्द पॉलिसीवर नसतील तर साड्या बाहेरच राहतील. दोन्ही पॉलिसींचा खर्च मिळूनही तुम्ही ६,८०० च्या बऱ्याच अलीकडे राहाल असा माझा अंदाज आहे. दर हातात आले की मला कळवा, अंदाज चुकला असेल तर इथेच कबूल करीन.

विम्यापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे साड्या खाली ठेवायच्याच नाहीत. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी कात्रीच्या खिळ्यावर टांगा. त्या दिवशी धो-धो पाऊस असेल तर मशीनची मोटर काढून वर, फ्रीज विटांवर. पाणी चढायला लागलं की मेन स्विच आधी बंद, बाकी सगळं नंतर.

बरं, एक विमा तुमच्याकडे आधीच आहे आणि तुम्हाला माहीत नसावा. घरगुती गॅस सिलिंडरमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी सगळ्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो. मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला दोन लाखांपर्यंत. ग्राहकाला त्याचा वेगळा पैसा पडत नाही. मात्र नुकसान गॅस ज्या पत्त्यावर नोंदलाय तिथलं असावं लागतं. भाडेकरूंचं घोडं नेमकं इथेच अडतं, कनेक्शन जुन्या घराच्या नाहीतर दिराच्या पत्त्यावर. आजच गॅस एजन्सीत जाऊन पत्ता तपासा. नळी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर तीही बदलून घ्या.

पॉलिसी कंपनीच्या साइटवरून मोबाईलवरच निघते, शाखेत जाऊनही. ओळखीच्या एजंटकडून घेतलीत तरी माझी हरकत नाही, पण फॉर्म तुमच्या हातानं भरा किंवा भरलेला वाचा. पूर्वी काही नुकसान झालंय का असं विचारलं असेल तर गेल्या पावसाळ्यातलं पाणी लिहायचं. एजंट म्हणेल, 'वहिनी, कशाला उगाच?' पैसे द्यायची वेळ येते तेव्हा तीच लपवलेली ओळ कंपनीच्या हातात कोलीत होते. आणि हे सगळं मे महिन्यात उरका. दारात पाणी दिसल्यावर काढलेली पॉलिसी त्या पाण्याला लागू होत नाही.

माझ्या लगदा झालेल्या बिलांवरून शहाणं व्हायचं तर एका रविवारी मोबाईल घेऊन घरभर फिरा. कपाटाची दारं उघडून, माळ्यावरचं खाली काढून व्हिडिओ करा, तोंडानं बोलत: 'हा फ्रीज, अमुक साली घेतला, एवढ्याचा.' मागचा मॉडेल नंबर जवळून घ्या. बिलं असतील तर त्यांचे फोटो. आणि हे सगळं गावाकडच्या बहिणीला पाठवून ठेवा, कारण मोबाईलही पाण्यात पडतो.

पाणी शिरलंच, तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसायच्या आधी तिचा फोटो काढा. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. गच्चीत नेऊन वाळवा, वाचवता येईल ते वाचवा, पण कचऱ्याच्या गाडीत घालू नका. पालिकेचे लोक 'घाण उचला' म्हणून मागे लागतात, शेजारी नाकं मुरडतात, तरी थांबा. अगदीच नाइलाज झाला तर प्रत्येक वस्तूचा फोटो काढून, कंपनीला मेसेज करून मगच टाका. आगीत अग्निशमन दलाचा दाखला लागतो, चोरीत एफआयआर.

कंपनीनं टोलवाटोलवी केली तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय तुम्हाला लांब नाही, सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा ॲनेक्समध्ये. फी नाही, वकील नको, अर्ज मराठीतही लिहिता येतो. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

राहता राहिला सासूबाईंचा हंडा. त्यांना सांगा, सामानाच्या यादीत हंडा-कळशीचं नाव आजच्या भावानं लिहा, वजन करून. पितळेला पाण्यानं काही होत नाही, चिंच लावली की पुन्हा लख्ख. भीती आहे ती पाणी ओसरल्यावर दारं उघडी टाकून आपण गच्चीत सामान वाळवत असतो तेव्हाची. तशी चोरी झाली तर घरफोडीचे जादा पैसे भरले नसतील तरी ती मूळ पॉलिसीत धरतात, पुरामुळे आणि पुरापासून सात दिवसांच्या आत झालेली असेल तर. आठव्या दिवशी मात्र हंड्यावर त्यांनी स्वतः बसायचं.